पेरोव्स्काइट पुंजबिंदू प्रकाशसंवेदक

पेरोव्स्काइट पुंजबिंदू प्रकाशसंवेदक हे प्रकाशाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे इलेक्ट्रॉनिक घटक होत. त्यांतील प्रकाश शोषणारा थर पेरोव्स्काइट संरचनेच्या, काही नॅनोमीटर आकाराच्या अर्धवाहक स्फटिककणांचा असतो. अशा कणांना पुंजबिंदू किंवा क्वांटम डॉट म्हणतात. हे संवेदक अद्याप मुख्यतः संशोधनाचा विषय आहेत.

इतिहास

पेरोव्स्काइट हे मुळात कॅल्शियम टायटॅनेट या खनिजाचे नाव होय. उरल पर्वतात सापडलेल्या या खनिजाचे वर्णन गुस्टाव्ह रोझ यांनी १८३९ मध्ये केले आणि त्यास रशियन खनिजतज्ज्ञ लेव्ह पेरोव्स्की यांचे नाव दिले. पुढे तशीच स्फटिकरचना असलेल्या इतर संयुगांनाही हे नाव लागू झाले. सीझियम, शिसे व हॅलोजन यांच्या संयुगांची विद्युतवाहकता प्रकाशात वाढते, असे १९५८ मध्ये म्योलर यांनी नोंदवले. याच संयुगांचे पुंजबिंदू द्रावणात तयार करण्याची पद्धत २०१५ मध्ये झुरिक येथील माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने प्रसिद्ध केली. पुंजबिंदूंचा शोध व निर्मिती यांसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रुस व येकिमोव्ह यांना देण्यात आले.

रचना व गुणधर्म

या स्फटिकात शिशाच्या प्रत्येक आयनाभोवती हॅलोजनचे सहा आयन अष्टफलकाच्या शिरोबिंदूंवर असतात. शिरोबिंदूंशी जोडलेल्या अष्टफलकांमधील मोकळ्या जागेत सीझियमसारखा मोठा आयन बसतो. हॅलोजन बदलला की शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची मर्यादा बदलते. क्लोरीनयुक्त कण जंबुपार व जांभळा प्रकाश शोषतात. ब्रोमीनयुक्त कणांची मर्यादा हिरव्या, तर आयोडीनयुक्त कणांची तांबड्या प्रकाशापर्यंत जाते. कणाचा आकार लहान केल्यासही ही मर्यादा कमी तरंगलांबीकडे सरकते.

कार्यपद्धती

पुरेशा ऊर्जेचा फोटॉन शोषला गेला की कणातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो व मागे धनप्रभारासारखी वागणारी पोकळी उरते. ही जोडी विलग होऊन दोन्ही प्रभार विद्युतअग्रांपर्यंत पोहोचले, तरच प्रवाह मिळतो. जोडी पुन्हा एकत्र आल्यास प्रकाश बाहेर पडतो किंवा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दिव्यासाठी प्रकाश देणारे पुनर्मीलन हवे असते; संवेदकात मात्र तेही टाळावे लागते.

मुख्य अडचण कणांच्या पृष्ठभागाशी निगडित आहे. ओलेइक आम्ल व ओलेइल अमाइन यांच्या लांब रेणूंचे आवरण कणांना द्रावणात एकमेकांपासून वेगळे ठेवते व पृष्ठभागावरील दोष झाकते. पण तेच आवरण विद्युतरोधक असल्याने प्रभार एका कणातून दुसऱ्या कणात सहज जात नाहीत. आवरण धुऊन काढल्यास दोष उघडे पडतात आणि कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ शकतात. यावर उपाय म्हणून लांब रेणूंच्या जागी आखूड रेणू बसवले जातात. दुसऱ्या पद्धतीत पुंजबिंदूंचा थर ग्राफिनवर देतात; पुंजबिंदू प्रकाश शोषतात व ग्राफिन प्रभार वाहून नेते.

उपयोग

द्रावणातून थर देता येत असल्यामुळे लवचीक पृष्ठभागावरही असे संवेदक बनवता येतात. प्रतिमाग्रहण व प्रकाशाद्वारे संदेशवहन ही त्यांची संभाव्य क्षेत्रे आहेत. शिशासारख्या जड मूलद्रव्यामुळे हे कण क्ष-किरणही चांगले शोषतात व त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतात. तो प्रकाश नंतर दुसऱ्या संवेदकाने टिपता येतो.

मर्यादा

पाणी व आर्द्रता यांमुळे हे कण विघटित होतात. शिसे विषारी असल्याने वापर व विल्हेवाट या दोन्ही टप्प्यांवर धोका संभवतो. शिशाऐवजी कथिल वापरता येते. परंतु त्याचे हवेत सहज ऑक्सिडीकरण होते. लघुतरंग अवरक्त प्रकाशासाठी शिसेयुक्त पेरोव्स्काइट उपयोगी पडत नाहीत. तेथे लेड सल्फाइडसारखे अन्य पुंजबिंदू वापरले जातात.