जन्म, संग आणि ईश्वरभाव : मध्ययुगीन मराठी विचारातील माणसाची सामाजिकता

१

संतांच्या कार्याविषयीची आधुनिक मराठी चर्चा दीर्घकाळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. न्या. म. गो. रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात संतांच्या चळवळीला राष्ट्रीय उत्थानाचे श्रेय दिले. वि. का. राजवाडे यांनी संतांच्या निवृत्तिपरतेला समाजाच्या दौर्बल्याबद्दल जबाबदार धरले. गं. बा. सरदार यांच्या 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथाने या वाङ्मयाचा सामाजिक आशय अधिक समतोलपणे तपासला. निष्कर्ष वेगवेगळे असले, तरी या वादामागील गृहीतक बव्हंशी समान होते : समाजशीलता आणि राजकीयता ही एकाच मानवी स्वभावाची दोन अंगे आहेत आणि म्हणून संतांच्या सामाजिक विचाराचे राजकीय फलित शोधता आले पाहिजे. हे गृहीतक बाराव्या-तेराव्या शतकांतील ग्रंथांना लागू पडते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

हे गृहीतक मूलतः ॲरिस्टॉटलचे. त्याच्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाचा लॅटिन अनुवाद मोरबेकच्या विल्यमने १२६० च्या सुमारास केला आणि थॉमस ॲक्वायनसने (मृत्यू १२७४) माणूस हा निसर्गतःच सामाजिक व राजकीय प्राणी असल्याचे ख्रिस्ती विचारचौकटीत प्रतिपादन केले. ऑगस्टिनच्या मते माणसाची माणसावरील हुकमत हा पापोत्तर अवस्थेचा परिणाम होता. ॲक्वायनसने येथे एक भेद केला. दास्य निष्पाप अवस्थेत संभवत नाही. परंतु सर्वांच्या हितासाठी स्वतंत्र माणसांचे नियमन त्या अवस्थेतही असतेच. सत्ता अशा रीतीने मनुष्यमात्राच्या स्वभावात सामावली गेली. याच दशकांत गोदावरीच्या खोऱ्यात 'स्वभाव' या शब्दाचा विचार अगदी निराळ्या दिशेने चालला होता.

२

आजच्या लातूर जिल्ह्यातील अहमदपूरचा परिसर या विचारेतिहासाच्या दृष्टीने मोक्याच्या जागी आहे. त्याच्या दक्षिणेस चालुक्यांची राजधानी कल्याण (आजचे बसवकल्याण), पश्चिमेस मुकुंदराजांच्या नावाशी परंपरेने जोडले गेलेले अंबाजोगाई आणि पुढे वायव्येस यादवांची देवगिरी. या टापूतील विचाराला प्रारंभ कल्याणपासूनच करावा लागतो.

सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. तिच्या दायविभागात एक मूलगामी प्रश्न येतो : स्वत्व, म्हणजे मालकी, शास्त्राने निर्माण होते की लोकव्यवहाराने? विज्ञानेश्वराचे उत्तर असे, की स्वत्व लौकिक आहे. शास्त्रोक्त व्यवहार ज्यांना ठाऊक नाही अशा सीमावर्ती लोकांतही खरेदी-विक्री चालते, हे त्याचे प्रमाण. माणसाचा परस्परव्यवहार शास्त्राच्याही आधीचा आहे, ही कबुली त्यात अंतर्भूत आहे. परंतु याच विवेचनात पुत्राला पित्याच्या वडिलार्जित संपत्तीवर जन्मानेच अधिकार मिळतो, हा सिद्धांतही आहे. माणूस जन्मतःच सहभागी असतो. पण त्याचा सहभाग कशात, हे त्याचा जन्मच ठरवतो.

पुढे अर्धशतकाच्या आतबाहेर, त्याच नगरीत, बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी नेमका हा जन्माचा आधार नाकारला. कायक आणि दासोह या दोन संकल्पनांत त्यांची समाजकल्पना सामावलेली आहे. कायक म्हणजे पूजेच्या मोलाचे श्रम; दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ समुदायाला समर्पित करणे. माणसांना जोडणारा दुवा येथे जन्म नसून संग आहे. वीरशैव परंपरेनुसार, चर्मकार हरळय्याचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसाची कन्या यांचा विवाह झाला, तेव्हा बिज्जळाच्या आज्ञेने दोन्ही पित्यांना देहदंड देण्यात आला. ११६७-६८ च्या सुमारास कल्याणात झालेली उलथापालथ, बिज्जळाची हत्या आणि शरणांची पांगापांग यांचा संबंध परंपरा या घटनेशी लावते. परंपरेने जपलेल्या या कथेचा अर्थ स्पष्ट आहे. संग हा अनुभवापुरता होता तोवर राजसत्तेने तो सोसला; त्याने विवाहाला, म्हणजे जन्माच्या नियमनाला, स्पर्श करताच दंड प्रकट झाला.

३

यादवकाळात जन्म आणि संग यांतील हा ताण मराठीत उतरतो. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'त माणूस व्रते, दाने, तीर्थे आणि श्राद्धे यांच्या दाट जाळ्यात उभा दिसतो. त्याची प्रत्येक तिथी कुणाच्या तरी ऋणाने बांधलेली आहे. समाजशीलता येथे कर्तव्यांच्या सूचीचे रूप घेते.

चक्रधरांची शिकवण हे या जाळ्याचे विसर्जन होय. आपला देश, आपले गाव आणि विशेषतः आपले आप्त यांचे संबंध सोडावेत, हा त्यांच्या आचारधर्माचा गाभा. वरवर पाहता हा समाजशीलतेचाच नकार वाटतो. तथापि म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त (सु. १२७८) दिसते ते चित्र एकाकीपणाचे नाही. गाव सोडलेल्या या वाटसरूभोवती बाइसा, महदाइसा, नागदेव अशा स्त्रीपुरुषांचा मेळा जमतो. भिक्षेच्या वेळी वर्णभेद मानला जात नाही. नागदेवाचार्यांनी ग्रंथरचनेसाठी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला, तो संस्कृत न जाणणाऱ्या स्त्रिया वंचित राहू नयेत म्हणून. तुटतो तो जन्माचा संबंध. संगाचा संबंध जडतो आणि त्यासाठी भाषाही निवडली जाते.

ज्ञानेश्वरांनी तिसरा मार्ग स्वीकारला. गीतेच्या तिसऱ्या अध्यायावरील विवेचनात ते यज्ञाचा अर्थ स्वधर्माचरण असा करतात. जवळ असलेली संपत्ती ही हवनाची सामग्री समजावी, केवळ स्वतःसाठी भोगू नये, असे ते बजावतात. हा विचार दासोहाच्या अगदी निकट जातो. लोकसंग्रहाच्या संदर्भात त्यांनी योजलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे : डोळस माणूस आंधळ्याला सांभाळत त्याच्या गतीने चालतो, तसे ज्ञान्याने वागावे. नेतृत्वाची ही कल्पना हुकमतीची नाही, सोबतीची आहे.

परंतु गीतेच्या अठराव्या अध्यायाचा चातुर्वर्ण्यविचार ज्ञानेश्वरांना टीकाकार म्हणून स्वीकारावाच लागतो आणि येथेच मूळ पेच आहे. गीतेने शौर्य, तेज, दान यांच्यासमवेत 'ईश्वरभाव', म्हणजे प्रभुत्वाची वृत्ती, क्षत्रियाचे स्वभावज कर्म म्हणून सांगितली आहे. ॲक्वायनसच्या मांडणीत राजकीयता ही मनुष्यमात्राचा स्वभाव असते. येथे ती एका वर्णाचा स्वभाव ठरते. सामाजिकता सर्वांची, सत्ता मात्र काहींची, ही विभागणी 'स्वभाव' या एका शब्दाने पक्की होते.

ग्रंथाची अखेरही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पसायदानात ज्ञानेश्वर विश्वात्मक देवाकडे दुर्जनांचा नव्हे तर त्यांच्या दुर्जनत्वाचा लोप आणि प्राणिमात्रांचे परस्परमैत्र मागतात. मत्स्यन्यायाच्या भयातून दंडाची आवश्यकता सिद्ध करणाऱ्या राजधर्मपरंपरेला हे एक उत्तरच आहे : दंड नाही, अंतःकरणाचा पालट. न्यायाचे पोषण करणारा राजा म्हणून रामचंद्राचा गौरवपूर्ण उल्लेख येतो तो यानंतर, स्थळकाळाची नोंद करताना. जे मागायचे ते देवाकडे मागून झालेले आहे. राजाकडे मागण्यासारखे काही उरलेले नाही.

४

रानडे आणि राजवाडे यांच्या वादाकडे आता पुन्हा पाहता येते. संतांनी राजकीय शक्ती घडवली किंवा घालवली, ही दोन्ही विधाने त्यांच्या विचारव्यूहाबाहेरची आहेत. त्यांनी केले ते वेगळेच : दंडावाचून टिकणाऱ्या मानवी संबंधाची शक्यता त्यांनी मराठीत सिद्ध केली. अहमदपूर-उदगीर भागात पंढरीची वारी आणि कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या अभंगांवरील शिवकीर्तन या दोन्ही परंपरा एकाच मराठीत नांदतात, हे त्या संगाचे दीर्घायुष्य होय.

मात्र या सिद्धीची किंमत नोंदवल्याविना विवेचन पूर्ण होणार नाही. ईश्वरभाव हा सर्वांचा स्वभाव म्हणून कुणी मागितला नाही. त्यामुळे जन्माचा नियम बजावण्याची शक्ती ज्यांच्या हाती होती, त्यांच्याच हाती राहिली. चौदाव्या शतकात चोखामेळा संतमेळ्यात सामावले गेले. त्यांची समाधी मात्र पंढरपूरच्या मंदिराच्या पायरीपाशी, दाराबाहेरच झाली. संगाने त्यांना आपले म्हटले, पण दार उघडण्याचा अधिकार संगाकडे नव्हता. राजकारणाला हरिकथेनंतरचे दुसरे स्थान देणारा 'दासबोध' सतराव्या शतकातला. पण त्यातही हा अधिकार कोणाचा, हा प्रश्न जन्मापासून सुटा झालेला नाही. ते दार दलितांसाठी उघडले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर. संगाची भाषा आणि राजकीय हक्काची मागणी त्या प्रसंगी एकत्र आल्या. तेराव्या शतकाने ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या जोडण्यास मराठी समाजाला सहाशे वर्षांहून अधिक काळ लागला.