इंजिनाचा सूर : कानापासून कोष्टकापर्यंत

बार्शीहून लातुरास जातांना वाटेंत मुरुड लागतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं सुरू केली व १९११ सालीं ती निजामाच्या मुलुखांत लातुरापर्यंत पोहोंचली. तेव्हांपासून या बाजूच्या लोकांस इंजिनाचा आवाज ओळखीचा झाला. वाफेच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाचें चाक एक फेरा करी, तोंवर धुराड्यांतून चार फुत्कार निघत. चारही सारखे असले, तर झडपा नीट बसल्या. एखादा लंगडा पडला, तर कोठें तरी वेळ चुकली, हें जाणत्या ड्रायव्हरास गाडी न थांबवितां कळे. तंबोरा जुळविणारा गवई आणि हा ड्रायव्हर यांचें साधन एकच, तें म्हणजे कान.

पुढें पेट्रोलचीं इंजिनें आलीं, तरी विद्या तीच राहिली. पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा मिळाली, म्हणजे तें पुरतें जळतें. जोर अधिक हवा असेल तर हवा थोडी कमी, साडेबारा-तेरा भाग, द्यावी लागते. मेस्त्रीनें हे आंकडे बहुधा कधीं ऐकलेले नसत. तो कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवी, कान लावी, प्लग काढून त्यावरील काजळीचा रंग पाही आणि गाडी धन्याच्या हवालीं करी. परंतु या पद्धतीस एक मर्यादा होती, ती झांकण्याचें कारण नाहीं. एकच स्क्रू मंद गतीस आणि घाटाच्या चढास सारखाच कसा पुरणार? प्रत्येक गाडी म्हणजे एक तडजोड असे.

ती तडजोड विजेच्या यंत्रांनीं मोडली. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९६७ सालीं विद्युत्-नियंत्रित इंधनफवारा बाजारांत आणला. १९७९ सालीं मोट्रॉनिक या यंत्रानें फवारा व ठिणगी हीं दोन्हीं एकाच संगणकाच्या हातीं दिलीं. आपल्याकडे प्रदूषणाच्या नियमांनीं हा बदल घडवून आणला. २००० सालानंतर मोटारींतून आणि १ एप्रिल २०२० रोजीं भारत स्टेज सहा लागू झाल्यावर बहुतेक दुचाक्यांतून जुना कार्ब्युरेटर गेला. स्क्रूच्या जागीं कोष्टक आलें : एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार, आणि प्रत्येक घरांत इंधनाचा एक आंकडा. हें कोष्टक उघडून बदलण्याच्या ज्या आज्ञावली निघाल्या, त्यांची तुलना करणें हा आमचा मुख्य हेतु आहे.

अमेरिकेंतील एचपी ट्यूनर्स ही धंदेवाईक आज्ञावली. कंपनीनें बसविलेलाच संगणक ती वाचते व पुन्हां लिहिते. मात्र प्रत्येक गाडीसाठीं निराळें शुल्क मोजावें लागतें, म्हणून ती चालत्या गॅरेजासच परवडावी. रोमरेडर ही फुकट व खुली, पण मुख्यतः सुबारू गाड्यांसाठीं. आणि मराठवाड्यांत सुबारू कोणीं पाहिली असेल, तर त्यानें आम्हांस अवश्य कळवावें! तिसरा मार्ग निराळाच. बोलिंग व ग्रिपो या दोघां अमेरिकनांनीं २००१ च्या सुमारास मेगास्क्विर्ट नांवाचा, स्वतः झाळून जोडावयाचा संगणक काढला. पुढें त्याच धर्तीवर ऑस्ट्रेलियांत स्पीड्विनो निघाला. दोन्हींस ट्यूनरस्टुडिओ ही आज्ञावली चालते. शिकणाऱ्यास आम्ही हाच मार्ग सुचवूं, कारण येथें कोणतेंही घर कुलूपबंद नाहीं. चूक झाली तर ती आपली, आणि कोठें झाली हेंही दिसतें. ठिणगीची वेळ फार पुढें ओढली, तर पिस्टनास भोंक पडतें, हेंही येथेंच शिकावयास मिळतें. मात्र आपल्या रस्त्यांवर मूळ बनावटींत असे फेरफार करण्यास मोटार-वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा प्रतिबंध आहे. म्हणून हें शिक्षण जुन्या, बांकावर बांधलेल्या इंजिनावर घ्यावें हें बरें.

हा प्रतिबंध आम्हांस सर्वस्वीं अन्यायाचा वाटत नाहीं. मोकळ्या कोष्टकांतून काळा धूरही निघूं शकतो. पण बंद कोष्टकेंही निर्मळ असतातच असें नाहीं. २०१५ सालीं फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल इंजिनांतील आज्ञावली तपासणीची वेळ ओळखून तेवढ्यापुरती स्वच्छ वागते, असें अमेरिकेंत उघडकीस आलें. भारतांतही त्या जातीच्या सुमारें सव्वातीन लाख गाड्या परत बोलाविण्याचें कंपनीनें जाहीर केलें. ज्या कुलुपानें मेस्त्रीस बाहेर ठेविलें, त्याच कुलुपानें तपासनिसासही फसविलें होतें. त्याच वर्षीं अमेरिकेंत गाडीच्या मालकास दुरुस्तीसाठीं तें कुलूप उघडण्याची सवलत मिळाली.

ट्यूनरस्टुडिओची पैसे देऊन मिळणारी आवृत्ति गाडी चालत असतां धुरांतील प्राणवायू मोजून कोष्टक आपोआप सुधारते. तें काम पाहण्यासारखें असतें : एकेक घर हळूहळू बदलत जातें. पण सायलेन्सरच्या नळीस सेन्सरच्या अलीकडे बारीक चीर असली, म्हणजे बाहेरची हवा आंत शिरते. आज्ञावलीस वाटतें पेट्रोल कमी पडत आहे, आणि ती इमानेंइतबारें पेट्रोल ओतीत राहते. त्या चिरेंतून फट्-फट् असा एक बारीक आवाज येत असतो. तो पडद्यावर कोठेंच उमटत नाहीं. बॉनेट उघडून, मान वांकडी करून मेस्त्रीस तो ऐकावा लागतो.