बंद बॉडीचा टेम्पो: भाड्याने घेताना, विकत घेताना आणि पावसाळ्यात सांभाळताना काय पाहायचं?

जूनचा दुसरा आठवडा, मानपाडा रस्ता. समोर एक उघडा टेम्पो, त्यावर कपाट, गाद्या आणि उलटी बांधलेली सायकल. वरून निळी ताडपत्री, तिचा एक कोपरा सुटून फडफडतोय. डोंबिवलीत राहणाऱ्याने हे दृश्य पाहिलेलंच असतं. आमचंही घर असंच पूर्वेहून पश्चिमेला हललं होतं. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पण पुलाच्या तोंडाशी अर्धा तास अडकलो आणि नेमकी तेवढ्यात सर आली. गाद्या पुढचे पंधरा दिवस गच्चीवर होत्या.

त्यानंतर प्रत्येकाने एकच सल्ला दिला, "बंद बॉडीची गाडी घ्यायची ना!" सल्ला बरोबर आहे. पण बंद डब्याचे स्वतःचे काही प्रश्न असतात. घर हलवणारे, केटरिंगवाले, फरसाण पोचवणारे, एमआयडीसीतून माल उचलणारे आणि आता ऑनलाइन ऑर्डरींसाठी स्वतःची गाडी घेऊ पाहणारे, या सगळ्यांना ते माहीत असायला हवेत.

कारच्या मागे ट्रेलर का नाही?

रील्समध्ये अमेरिकेतली माणसं आपल्या कारमागे बंद ट्रेलर जोडून अख्खं घर घेऊन जाताना दिसतात. आपल्याकडे ट्रेलर म्हटलं की उसाची ट्रॉली नाहीतर जेएनपीएला जाणारा कंटेनर आठवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते, त्याला वेगळा नंबर मिळतो. शिवाय जिथे एका कारला पार्किंग मिळताना सोसायटीची सभा गाजते, तिथे चाकं असलेला आणखी एक डबा ठेवायचा कुठे? म्हणून ते काम आपल्याकडे छोटे टेम्पो करतात. 2005 मध्ये टाटा मोटर्सने एस ही गाडी आणली. लोकांनी तिचं नाव 'छोटा हत्ती' ठेवलं आणि मग तो शब्द अशा सगळ्याच गाड्यांना चिकटला. महिंद्राची बोलेरो पिकअप, अशोक लेलँडची दोस्त या तिच्याहून मोठ्या. 2022 मध्ये एसची इलेक्ट्रिक आवृत्तीही आली.

डबा किती मोठा, यापेक्षा वजन किती?

सगळ्यात जास्त चूक इथे होते, म्हणून जरा थांबून हिशोब करू.

समजा डबा आतून 7 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 6 फूट उंच आहे. म्हणजे 210 घनफूट. आता त्यात 25 किलोच्या तांदळाच्या गोण्या भरायच्या आहेत. गाडीची क्षमता 600 किलो असेल तर 24 गोण्या झाल्या की संपलं. या 24 गोण्या डब्याच्या तळाशी नीट पसरल्या तर जेमतेम फूटभर थर होतो. वरचा पाच फूट डबा रिकामा! बघणाऱ्याला वाटतं, अजून केवढी तरी जागा आहे. गाडीच्या पाट्यांना आणि ब्रेकना मात्र तसं वाटत नसतं.

कापूस, थर्माकोलची मखरं, फरसाणाची पाकिटं असा माल असेल तर आधी डबा भरतो, वजन नंतर. तांदूळ, टाइल्स, लोखंडी सुटे भाग, पुस्तकं यांचं उलटं. (डोंबिवलीतलं घर हलतंय आणि पुस्तकांची चार-सहा खोकी निघाली नाहीत, असं सहसा होत नाही. आणि सगळ्यात जड खोकी तीच असतात.)

क्षमता किती हे चालकाला विचारू नका, आरसी बघा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे तुम्ही भरू शकता तो माल. त्यातून चालक आणि हमाल यांचं वजनही धरा. समजा कमाल वजन 1,550 किलो आणि डब्यासकट रिकामी गाडी 950 किलो. उरले 600. दोन माणसं पुढे बसली की 460 ते 480.

इथेच उघड्या आणि बंद गाडीतला फरक कळतो. डबा लोखंडी असेल तर तो स्वतःच बरंच वजन खातो. तीच गाडी, तेच इंजिन, पण बंद बॉडीची मालक्षमता कमी. म्हणून नवी गाडी घेताना कंपनीच्या जाहिरातीतला आकडा उघड्या बॉडीचा आहे की बंद, हे आधी विचारा. जास्त माल भरून पकडलं गेलं तर कलम 194 खाली 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये आणि जादा माल तिथेच उतरवण्याचा खर्च आपला. शंका असेल तर वजनकाट्यावर एकदा रिकामी आणि एकदा भरलेली गाडी लावून बघा.

जुन्या टेम्पोवर डबा बसवून घेतला तर?

स्वस्तात पडतं, म्हणून अनेक जण उघडी गाडी घेतात आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून डबा बनवून घेतात. फॅब्रिकेटर काम चांगलं करेलही. पण कलम 52 नुसार आरसीवरच्या माहितीशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. बॉडीचा प्रकार आणि रिकामं वजन बदललं की आरटीओत त्याची नोंद हवी. डोंबिवलीकरांसाठी हे कल्याणचं कार्यालय, एमएच 05. नोंद नसेल तर फिटनेसच्या वेळी गाडी अडते आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयतं कारण मिळतं.

फिटनेसचं गणित असं: नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं मिळतात, मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी. 3,000 किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हा छोट्या व्यावसायिकासाठी मोठाच दिलासा आहे.

लायसन्सबद्दल अजूनही गोंधळ दिसतो. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचं व्यावसायिक वाहन चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. म्हणजे कारचं लायसन्स छोट्या टेम्पोला चालतं. मात्र चालतं आणि जमतं यात फरक आहे.

चालवताना काय बदलतं?

पहिली गोष्ट, मागचं दिसत नाही. आतला आरसा निरुपयोगी. डबा केबिनपेक्षा रुंद असेल तर बाजूचे आरसे लांब दांडीचे हवेत, नाहीतर आरशात फक्त आपलाच पत्रा दिसतो. रिव्हर्स कॅमेरा बसवून घ्या आणि तो असला तरी गल्लीत मागे घेताना एक माणूस खाली उतरवा. आपल्याकडे गाडीमागून पोरं धावतात, हे कॅमेऱ्याला उशिरा कळतं.

दुसरी गोष्ट उंची. डब्याची जमिनीपासूनची उंची मोजा आणि डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. सोसायटीचा स्टिल्ट, रस्त्यावर लोंबणाऱ्या केबल, झाडांच्या फांद्या, पुलाआधीचे लोखंडी अडसर, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर मंडळांच्या कमानी. काल मोकळा असलेला रस्ता आज कमानीखालून जातो. मार्ग अचानक बदलण्याची आपल्याला सवयही आहे: सप्टेंबर 2019 मध्ये कोपर पूल बंद झाला तो थेट दोन वर्षांनी, सप्टेंबर 2021 मध्ये नव्याने खुला झाला. तोवर पूर्व-पश्चिम करणारा सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर होता.

तिसरी गोष्ट वारा. बंद डबा म्हणजे उभं शीड. खाडीपुलावर किंवा मुरबाडमार्गे माळशेज चढताना बाजूने वाऱ्याचा झोत आला की गाडी सरकते. रिकामी असेल तर जास्तच. उपाय एकच, वेग कमी.

माल लावण्याची पद्धत यातलं बरंच काही ठरवते. जड सामान तळाला आणि केबिनच्या भिंतीला टेकवून, डावी-उजवी बाजू समतोल. सगळं वजन मागच्या दाराशी आलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट धरत नाही. डब्याला आतून कड्या नसतील तर बसवून घ्या आणि माल पट्ट्याने बांधा. बंद डब्यात काही पडणार नाही, असं समजून लोक बांधतच नाहीत. मग शीळ फाट्याला करकचून ब्रेक लागतो आणि कपाट केबिनवर येऊन आदळतं. फ्रिज उभाच न्या. आडवा न्यावा लागला तर घरी पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा.

डब्यात माणूस नको, सिलिंडर नको

हे स्वतंत्रपणे लिहितोय, कारण सामान हलवताना "मागे बसतो मी, टीव्ही धरून" असं म्हणणारा एक भाऊ किंवा भाचा प्रत्येक घरात असतो. उघड्या टेम्पोतही हे बेकायदा आणि धोक्याचंच. बंद डब्यात तर हवा कमी, अंधार, दार बाहेरून लावलेलं आणि चालकाला आतली हाक ऐकू येत नाही. माल सरकला तर बाजूला व्हायला जागा नाही.

आणि घरचा गॅस सिलिंडर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो डब्याच्या तळाशी साचतो, बाहेर जायला वाट नसते. मग दार उघडताना कुणाच्या हातात विडी असेल तर? सिलिंडर सामानात टाकू नका. गॅस एजन्सीकडे जमा करा, नव्या पत्त्यावर जोडणी हलवून घ्या.

गाडी नेहमीची असेल तर दाराला आतून उघडणारी कडी बसवून घ्या. माल लावणारा कामगार आत असताना दार लोटलं जाणं हे कुणाही बाबतीत होऊ शकतं.

भाड्याने घेताना

पिवळी पाटी, काळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीचा टेम्पो भाड्याने फिरत असेल तर तो व्यावसायिक म्हणून नोंदलेला नाही. माल भरण्याआधी दोन मिनिटं स्वतः डब्यात उभे राहा, बाहेरच्या माणसाला दार लावायला सांगा आणि वर बघा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. मासळीचा किंवा केमिकलचा वास असेल तर गाद्या-कपडे त्यात चढवू नका, तो वास जात नाही.

गाडीचा थर्ड पार्टी विमा तुमच्या सामानाची भरपाई देत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो. व्यापारी माल असेल तर महाराष्ट्रांतर्गत 1 लाख रुपयांवर ई-वे बिल लागतं. घरातलं वापरलेलं सामान त्यातून वगळलेलं आहे, त्यामुळे घर हलवताना कुणी त्यावरून अडवलं तर हे लक्षात असू द्या.

मे महिन्यात करायची कामं

डबा गळतो तो बहुतेक छतावरच्या जोडांतून आणि रिव्हेटच्या भोकांतून. पत्रा उन्हात फुगतो, रात्री आकसतो, जुनं सीलंट तडकतं. ते वरवर थापू नका, जुनं खरवडून, पुसून, कोरड्यावर नवं भरा. मग पाण्याचा पाइप दहा मिनिटं छतावर सोडा आणि आत बसून बघा. दाराचं रबर दबून कडक झालं असेल तर बदला, ते स्वस्तात होतं. तळाला प्लायवुड असेल तर कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मऊ लागलं म्हणजे खालून कुजतंय.

गळती नसतानाही आत ओल दिसली तर ती घामाची असू शकते: दिवसभराची दमट हवा रात्री गार पत्र्यावर जमते. छोटी जाळी आणि दुपारी दार उघडं ठेवणं, एवढ्याने भागतं. धुतलेली गाडी लगेच बंद केली तर मात्र बुरशी ठरलेली.

टायरवर चार आकडी तारीख असते. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. हवा भरलेल्या गाडीच्या प्रमाणात, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा. मागचे पाटे एका बाजूला बसलेत का, हे सपाट जागेवर गाडी उभी करून मागून बघितलं तरी कळतं. मागची लाल आणि पुढची पांढरी रिफ्लेक्टर पट्टी चिखलाने झाकली जाते, रोज फडकं मारा. पावसात रात्री कल्याण-शीळ रस्त्यावर बंद पडलेल्या करड्या डब्याला मागच्या बाइकवाल्यासाठी तेवढीच खूण असते.