साचा आणि साहाय्यक वर्ग : आज्ञावली-निर्मितीच्या इतिहासातील एक सीमारेषा

संगणकाकडूनच आज्ञावली तयार करून घेण्याची कल्पना बरीच जुनी आहे. ग्रेस हॉपर यांची 'ए-झीरो' ही पद्धती १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रावर अस्तित्वात आली. संग्रहातील तयार उपआज्ञावल्या निवडून जोडण्याचे काम तिने यंत्राकडे सोपविले. पुढे १९६५ मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी 'कॉम्प्युटर जर्नल'मध्ये आपल्या सर्वोपयोगी मॅक्रो-निर्मात्याचे वर्णन केले. १९७७ मध्ये ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांचा 'एम-फोर' आला. या मॅक्रो-परंपरेत कोणता मजकूर उमटवावयाचा आणि तो केव्हा उमटवावयाचा, या दोन्ही गोष्टी एकाच लिखाणात गुंफलेल्या असत. त्यांची फारकत कोठे करावी, हाच पुढील काळातील साचे-पद्धतीपुढचा मुख्य प्रश्न ठरला.

टेम्प्लेट अथवा साचा म्हणजे काही भाग कायम आणि काही जागा रिकाम्या असलेला मजकूर. रिकाम्या जागा भरणारी माहिती एखाद्या प्रतिमानातून, म्हणजे मॉडेलमधून येते. परंतु ती जशीच्या तशी क्वचितच उपयोगी पडते. नावाचे पहिले अक्षर मोठे करणे, राखीव शब्द टाळणे, प्रकारानुसार निराळे रूप योजणे, असे लहान लहान निर्णय मध्ये करावे लागतात. हे निर्णय साच्यातच लिहिले तर साचा वाचता येईनासा होतो. म्हणून साचा आणि प्रतिमान यांच्यामध्ये हेल्पर क्लास, म्हणजे साहाय्यक वर्ग उभा राहिला.

या रचनेचे एक ठळक उदाहरण म्हणजे एक्लिप्स मॉडेलिंग फ्रेमवर्क, अर्थात ई.एम.एफ. त्यातील 'जेट' साच्यांची लेखनपद्धती जावा सर्व्हर पेजेससारखी आहे, त्यामुळे साच्यात वाटेल तेवढी जावा लिहिता येते. हा मोह आवरण्यासाठी मूळ प्रतिमानातील प्रत्येक घटकाभोवती एक निर्मिती-घटक गुंडाळलेला असतो : वर्गासाठी 'जेनक्लास', गुणधर्मासाठी 'जेनफीचर'. गुणधर्म वाचणाऱ्या पद्धतीचे नाव साचा स्वतः रचीत नाही. ते 'जेनफीचर'ला विचारतो. सत्यासत्य प्रकारच्या गुणधर्मासाठी नावापूर्वी 'इज' लागते, इतरांसाठी 'गेट'. गुणधर्माचे नावच 'क्लास' असेल तर जावातील अंगभूत 'गेटक्लास' पद्धतीशी संघर्ष होतो, म्हणून शेवटी अधोरेखा जोडली जाते. हा अपवाद प्रत्येक साच्यात लिहावा लागला असता, तर एखाद्या ठिकाणी तो निश्चितच राहून गेला असता. आयातींची यादीही अशीच. ती फाईलच्या आरंभी छापावयाची असते, पण कोणती नावे लागतील हे खालचा मजकूर तयार झाल्यावरच कळते. साचा आरंभी केवळ जागा राखून ठेवतो. साहाय्यक वस्तू वापरलेली नावे नोंदवीत जाते आणि शेवटी यादी त्या जागी बसविते.

याच काळात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातील टेरेन्स पार यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या 'अँटलर' या पदच्छेदक-निर्मात्याच्या दुसऱ्या आवृत्तीत जावा, सी-प्लस-प्लस, सी-शार्प अशा प्रत्येक लक्ष्यभाषेसाठी मजकूर छापणारा स्वतंत्र वर्ग होता. नवी भाषा जोडावयाची म्हणजे निर्मितीचे तर्कशास्त्र पुन्हा लिहावयाचे. २००४ च्या जागतिक वेब परिषदेतील निबंधात पार यांनी साच्यांसाठी पाच नियम सांगितले. साच्याने प्रतिमान बदलू नये, त्यातील मूल्यांवर गणिते करू नयेत, त्यांची तुलना करू नये आणि त्यांचे प्रकार गृहीत धरू नयेत, हे पहिले चार नियम साच्याला बांधतात. पाचवा मात्र पलीकडच्या बाजूला बांधतो : प्रतिमानाकडून येणाऱ्या माहितीत मांडणीचा अंश नसावा. पहिले चार नियम साच्याची भाषा आकुंचित करून पाळविता येतात. पाचवा यंत्राकडून पाळविता येत नाही, कारण साहाय्यक वर्गाने पाठविलेले अक्षरसूत्र माहिती आहे की दडविलेला साचा, हे यंत्राला ओळखता येत नाही.

२००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत लक्ष्यभाषेचे बहुतेक ज्ञान एका साचेसंग्रहात आणि एका लहानशा 'टार्गेट' वर्गात आले. २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत निर्गत मजकुराचेच एक प्रतिमान बांधले गेले. त्यातील प्रत्येक वर्गाला त्याच नावाचा साचा मिळतो. ई.एम.एफ. मध्ये लक्ष्यभाषा जावा ही एकच असल्यामुळे साहाय्यक वर्गाने जावा जाणणे दोषास्पद ठरले नाही. 'अँटलर'मध्ये तेच ज्ञान वर्गात विखुरणे महाग पडले.

यावरून साहाय्यक वर्गाच्या रचनेची एक कसोटी निष्पन्न होते. गुणधर्म एकमूल्य की बहुमूल्य, हे प्रतिमानाचे ज्ञान; राखीव शब्द व अवतरणचिन्हे हे भाषेचे ज्ञान. यांपैकी जे बदलण्याचा संभव अधिक, त्याला स्वतंत्र घर दिले पाहिजे. निर्मितीतील एक चूक निर्माण झालेल्या प्रत्येक फाईलमध्ये उमटते. ती एकाच ठिकाणी दुरुस्त करता येईल की नाही, हे ही सीमारेषा कोठे आखली त्यावर अवलंबून राहते.