वळिवड्याची छावणी आणि याल्टाचा नकाशा

कोल्हापूर परिसरातील कुटुंबांना गांधीनगरची कापडपेठ चांगलीच परिचित आहे. लग्नसराईत तेथे खरेदीला न गेलेले घर विरळाच. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ही पेठ उभारली, हेही अनेकांना ठाऊक असते. परंतु ज्या बराकींत त्यांनी आपला संसार पुन्हा मांडला, त्या मुळात दुसऱ्याच निर्वासितांसाठी बांधलेल्या होत्या. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता आणि कॅथलिक असल्यामुळे स्वतःचे प्रार्थनामंदिरही होते.

ही माणसे पंचगंगेच्या काठी कशी पोहोचली? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून आक्रमण केले आणि १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून. हिटलर व स्टालिन यांनी आधीच गुप्त करार करून तो देश आपसांत वाटून घेतला होता. १९४० पासून पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेण्यात आले. मग २२ जून १९४१ रोजी जर्मनी रशियावरच उलटला आणि कालचा आक्रमक एका दिवसात इंग्लंडचा मित्र ठरला. जुलैअखेरीस लंडनमधील पोलिश सरकारशी रशियाने करार केला व कैद्यांना मोकळे केले. जनरल आन्डर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो कुटुंबे १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. त्यांतील काही पुढे आपल्याकडे आली. मित्रराष्ट्रांची मैत्री झाली, म्हणूनच ती जगली, हे येथे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु त्या मैत्रीचा पाया एकच होता : समान शत्रू. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या अरण्यात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडली. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशीची मागणी करताच रशियाने त्या सरकारशी संबंध तोडले. इंग्लंड व अमेरिका यांनी मौन पत्करले. जर्मन फौजांचा मुख्य भार लाल सेनाच पेलत होती. तिला दुखावणे त्यांना परवडणारे नव्हते. त्याच वर्षी वळिवड्याची छावणी वसत होती.

फेब्रुवारी १९४५ मध्ये क्रिमियातील याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल व स्टालिन एकत्र बसले. तोवर लाल सेनेने पोलंड व्यापला होता. पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे जावा, त्याची भरपाई जर्मन भूमीतून व्हावी आणि देशात मुक्त निवडणुका घेतल्या जाव्यात, असे ठरले. त्या बैठकीला पोलंडचा एकही प्रतिनिधी नव्हता. वळिवड्यातील बहुतेकांची घरे नेमकी त्या पूर्व भागात होती.

त्यांचे पती, पिते व भाऊ त्या वेळी इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोन्ते कासिनोचा मठ त्यांच्याच सैन्याने सर केला होता. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर आठव्या सेनेने शेवटची चढाई केली, तीत हे पोलिश सैनिक होते आणि आपल्या मराठा पलटणीही होत्या. नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच लढाईत. मराठा जवानाला जिंकल्यावर परतायला गाव होते. शेजारच्या पोलिश जवानाचे गाव दोन महिन्यांपूर्वीच दुसऱ्या देशाला देऊन झाले होते. तरी तो लढला. ५ जुलै १९४५ रोजी इंग्लंड-अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीतील माणसांना स्वतःचे सरकार उरले नाही.

शत्रू पडताच मित्रांतील दरी उघडी झाली. रशियाचे म्हणणे असे की, एका पिढीत दोनदा जर्मन फौजा आमच्यावर चालून आल्या, तेव्हा शेजारी आमच्या विश्वासाचे सरकार हवे. त्या भीतीत तथ्य होते. इंग्लंडने तर पोलंडच्या स्वातंत्र्यासाठीच शस्त्र उचलले होते. जानेवारी १९४७ च्या पोलिश निवडणुका दडपशाहीत पार पडल्या आणि याल्टाचा शब्द पोकळ ठरला. मार्च १९४६ मध्ये चर्चिलने फुल्टन येथे युरोपवर पडलेल्या पोलादी पडद्याचा उल्लेख केला. पुढच्या वर्षी ट्रुमन यांनी ग्रीस व तुर्कस्तानला मदत जाहीर केली. जून १९४८ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली. १९४९ मध्ये नाटो करार झाला आणि रशियाने अणुस्फोट केला. आठ वर्षांपूर्वीचे मित्र आता एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभे होते.

वळिवड्यात ही फूट प्रत्येक बराकीत शिरली. परत जावे तर ज्यांनी हद्दपार केले त्यांच्याच सत्तेखाली. न जावे तर जन्मभर परदेशी. थोडे पोलंडला परतले. पुष्कळ जण सैनिकांचे कुटुंबीय म्हणून इंग्लंडला गेले, आणखी काही ऑस्ट्रेलिया व इतर देशांत विखुरले. रिकाम्या बराकींत सिंधी कुटुंबे आली. त्यांचीही घरे एका नव्या सीमारेषेपलीकडे राहिली होती.

कातिनच्या हत्याकांडाची कबुली रशियाने १९९० मध्ये दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमधील निर्वासित सरकारने आपली राजचिन्हे राष्ट्राध्यक्ष वावेन्सा यांच्या स्वाधीन केली. आज कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांचे स्मारक आहे, २०१९ पासून वळिवड्यातही स्मृतिस्तंभ आहे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धातून निसटलेल्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी पोलंडने आपली सीमा खुली केली.

समान द्वेषातून जुळलेली मैत्री द्वेषाचे कारण संपताच संपते, आणि तिची किंमत बहुधा टेबलाशी न बसलेल्यांना मोजावी लागते. हे राष्ट्रांइतकेच भाऊबंदकीलाही लागू आहे. येथे दगावलेल्या काही पोलिश निर्वासितांच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. नोव्हेंबरात आपल्या प्रियजनांच्या कबरींवर मेणबत्ती लावताना, ज्यांचे कोणी येथे उरले नाही त्यांच्यासाठीही एक लावावी आणि मुलांना ही हकिकत सांगावी.