राज्य वन्यजीव मंडळावर कोणाची वर्णी?

कोणते क्षेत्र अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करावे, याविषयी शासनास सल्ला देण्याचे काम राज्य वन्यजीव मंडळाकडे असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील सल्लागार मंडळाची जागा २००२ च्या दुरुस्तीने या मंडळास दिली.

मंडळासाठी निवडणूक होत नाही. मुख्यमंत्री पदसिद्ध अध्यक्ष, वनमंत्री उपाध्यक्ष, तर मुख्य वन्यजीव रक्षक सदस्य-सचिव असतात. विधिमंडळाचे तीन सदस्य, स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि दहा नामवंत निसर्गसंरक्षक व पर्यावरणतज्ज्ञ घेतले जातात. या दहांत अनुसूचित जमातींचे किमान दोन प्रतिनिधी बंधनकारक आहेत. अशासकीय सदस्यांचे नामनिर्देशन राज्य शासनच करते. ‘नामवंत’ कोणास म्हणावे, याची व्याख्या मात्र कायद्यात नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने स्थायी समितीची तरतूद झाली. तिचे कमाल दहा सदस्य उपाध्यक्षच मंडळातून निवडतात.

मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रमुखांना मंडळावर स्थान आहे. मढसारख्या कोळीवाड्यांतील मच्छीमारांसाठी स्वतंत्र जागा नाही. उद्या खाडीकाठच्या तिवरांचे क्षेत्र अभयारण्य करण्याचा प्रस्ताव आल्यास त्यांचे म्हणणे मंडळात मांडण्याची भिस्त शासकीय अधिकारी किंवा शासननियुक्त सदस्यांवरच राहते.