चांदी गेली, वाट उरली

मे सरत आला की अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, सॅन हुआन डोंगररांगेत बुलडोझर बर्फ कापू लागतात. हिवाळ्यात कडे कोसळून आलेले दगड आणि मोडलेली झाडं बाजूला सारली जातात. वाटेच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या पुरुषभर उंच भिंती उभ्या राहतात. एकदा का सिनॅमन आणि इंजिनिअर या दोन खिंडी उघडल्या, की ट्रेलरवर लादलेल्या एटीव्ही हजर होतात. चार फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल आणि खाली घुमणारं इंजिन असं हे वाहन. ऑक्टोबरात पुन्हा बर्फ पडतो आणि हंगाम आटोपतो.

लेक सिटी, सिल्व्हरटन आणि युरे ही तीन गावं जोडणाऱ्या या सुमारे ६५ मैलांच्या कच्च्या फेऱ्याला ‘अल्पाइन लूप’ म्हणतात. त्यातली इंजिनिअर खिंड १२,८०० फुटांवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. भाड्याने एटीव्ही घेऊन चढणाऱ्याला ही वाट हौशी लोकांसाठीच केल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती केली होती खेचरांसाठी.

हा सारा मुलूख यूट लोकांचा. १८७३च्या ब्रूनो कराराने सॅन हुआनचे डोंगर त्यांच्या हातून गेले आणि चांदी शोधणाऱ्यांची रीघ लागली. पण डोंगरात चांदी सापडून भागत नाही, ती खाली आणावी लागते. इथे ऑटो मियर्स पुढे आला. रशियन साम्राज्यात जन्मलेला हा पोरका मुलगा लहानपणीच कॅलिफोर्नियात पोचला होता. पुढे तो कोलोरॅडोत गहू पिकवू लागला. असं सांगतात, की पोंचा खिंडीत त्याची गाडी उलटली, गहू सांडला आणि तो दाणे गोळा करत असताना माजी गव्हर्नर गिल्पिन घोड्यावरून आले. स्वतःच रस्ता बांध आणि टोल घे, असा सल्ला त्यांनी दिला. मियर्सने तो मनावर घेतला. आयुष्यभरात त्याने सुमारे ४५० मैलांचे टोलरस्ते बांधले. इंजिनिअर खिंडीतली वाट त्याचीच, १८७७ची.

रस्ता आधी की खाण, हा प्रश्न इथे कधीकधी उलटाच सुटे. मियर्सचा रस्ता बांधताना इनॉस हॉचकिस याला १८७४मध्ये लेक सिटीजवळ मौल्यवान धातूची शीर दिसली आणि गाव त्या बातमीवरच वाढलं. मियर्सची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. तो यूट भाषा बोलत असे. यूटांनी उरलेली जमीन सोडण्याच्या १८८०च्या करारावर सही करावी म्हणून त्याने त्यांना माणशी दोन डॉलर वाटले, असा त्याच्यावर ठपका आला होता.

सिल्व्हरटनच्या वर, ११,२०० फुटांवर ॲनिमस फोर्क्स नावाची खाणवस्ती उभी राहिली. तिचं वर्तमानपत्रसुद्धा होतं. हिवाळा लागला की बरेचजण सिल्व्हरटनला उतरत. १८८४मध्ये २३ दिवस हिमवादळ चाललं, तेव्हा मागे राहिलेल्यांनी या घरातून त्या घरात जायला बर्फात बोगदे खणले. आज तिथली लाकडी घरं रिकामी आहेत. एका घराची पुढे आलेली तीन बाजूंची खिडकी अजून शाबूत आहे. एटीव्हीवाले हेल्मेट काढून त्या खिडकीत फोटो काढतात.

ही घरं रिकामी होण्यामागे जी कारणं होती, त्यातलं एक थेट मुंबईतलं आहे. १८९३पर्यंत मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यामुळे हिंदुस्थान हे जगातल्या चांदीचं मोठं गिऱ्हाईक होतं. पण चांदी स्वस्त होत गेली तसा रुपया घसरला आणि लंडनची देणी सोन्यात भागवणारं सरकार जेरीस आलं. २६ जून १८९३ रोजी टांकसाळींची ही दारं बंद झाली. काही दिवसांतच चांदीचा भाव औंसाला ८३ सेंटांवरून ६२ सेंटांपर्यंत कोसळला. कोलोरॅडोत खाणींमागून खाणी बंद पडल्या. नोव्हेंबरात अमेरिकी सरकारनेही चांदीची सक्तीची खरेदी थांबवली. तोवर मियर्सची रिओ ग्रँड सदर्न रेल्वे दिवाळखोरीत गेली होती.

सोन्यावर काही खाणी पुढेही तगल्या, पण वरच्या वाटा ओस पडत गेल्या. तरी त्या खासगी झाल्या नाहीत. १८६६च्या खाणकायद्यातल्या एका ओळीने सरकारी जमिनीवर सार्वजनिक रस्ता बांधण्याचा हक्क दिला होता. १९७६मध्ये ती ओळ रद्द झाली, पण आधीचे हक्क राखले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या जीप या वाटांवर आल्या. एटीव्ही आल्या त्यानंतर.

गंमत अशी, की एटीव्हीचा जन्म उन्हाळ्यासाठी झालाच नव्हता. हिवाळ्यात मोटरसायकलींचा खप थंडावतो, तेव्हा विकायला काहीतरी द्या, असं होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांचं म्हणणं होतं. त्यावर ओसामू ताकेउची या अभियंत्याने बर्फात न रुतणारे, कमी हवेचे फुगीर टायर लावून तीनचाकी बनवली. ती १९७०मध्ये बाजारात आली. वळणावर ती उलटायची. मग सुझुकीने चारचाकी आणली आणि १९८८मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीने तीनचाकीची विक्री थांबली. हिवाळ्यासाठी घडलेलं हे वाहन आता उन्हाळ्यातच उघडणाऱ्या खिंडींत धावतं.

तिथले जाणकार पहाटेच निघायला सांगतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग दाटतात (तिकडेही याला ‘मान्सून’च म्हणतात) आणि झाडांची रेषा ओलांडलेल्या उघड्या माथ्यावर विजेपासून आडोसा नसतो. विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पेट्रोल जास्त होऊन ती धापा टाकते. वाट सोडून तर अजिबात जायचं नाही. तिथल्या खुरट्या गवतावर चाक फिरलं, की त्याचा वण वर्षानुवर्षं भरत नाही.

सिल्व्हरटनजवळची सनीसाइड ही मोठी खाण १९९१मध्ये बंद झाली, तेव्हापासून गावाची भिस्त पर्यटकांवर आहे. तरीही धूळ आणि गोंगाटाला कंटाळून २०२१मध्ये गावाने आपल्या रस्त्यांवर एटीव्हींना बंदी केली. त्याच वर्षी मतदान झालं, त्यातही बंदी टिकली.

युरेच्या दक्षिणेला बेअर क्रीक धबधब्यावर मियर्सचा टोलनाका होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, त्यामुळे टोल चुकवायला जागाच नव्हती. आज तिथे त्याचं स्मारक आहे आणि रस्त्याचा डांबरी महामार्ग झाला आहे. टोल नाही, पण महामार्गावर एटीव्ही चालवायला मनाई आहे. इंजिनिअर खिंडीकडे निघालेली एटीव्ही मियर्सच्या नाक्यावरून जाते ती ट्रेलरवर, इंजिन बंद ठेवून.